धावेवरची इंग्रजी

नीलम्माच्या विहिरीवर त्या उन्हाळ्यात मोटेचं गाणं बंद पडलं आणि इंग्रजी सुरू झाली, ही गोष्ट ढोकीच्या आसपासच्या सगळ्या वाड्यांना ठाऊक झाली होती. लढाईचे दिवस. मोटेवरचा गडी सडकेच्या कामावर निघून गेला तो गेलाच. विहिरीचं पाणी तळाला, आणि अर्धा एकर ऊस तोंड वासून उभा. मग नीलम्माचा एकुलता एक मुलगा शांतलिंग मोटेवर उभा राहिला आणि त्याची बायको उमाबाई खाली दारं धरायला, उसाच्या एका सरीतलं पाणी दुसरीत वळवायला.

उमाबाई बार्शीकडची, म्हणजे इंग्रजी हद्दीतली. तिकडं मुलींच्या शाळेत ती इंग्रजी तिसरीपर्यंत शिकली होती. शांतलिंग मोगलाईतला. त्याला उर्दू वाचता यायचं, मराठी यायचं, घरात मोडकंतोडकं कानडीही यायचं, पण इंग्रजी म्हटलं की त्याच्या जिभेला गाठ पडायची. उमाबाईचा चुलता रेल्वेत होता. तो सांगून गेला होता की ढोकीच्या ठेसनावर बाबूच्या हाताखाली माणूस घ्यायचा आहे. सोमवारी कुर्डुवाडीला साहेब बसणार आणि तोंडी विचारणार. दिवा विझला तर काय करशील? गाडीला उशीर झाला तर काय करशील? रुळावर म्हैस आली तर काय करशील? सगळे प्रश्न पुढं घडणाऱ्या गोष्टींचे.

म्हणून विहिरीपासून खाली उतरणाऱ्या धावेच्या वरच्या टोकाला बैल आले की शांतलिंग नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "आय शॅल गो!" बैल उतार धरायचे. मागं भरली मोट वर येऊन विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात भसकन ओतायची. बैलांना पाठमोरं वर सारताना तो म्हणायचा, "आय शॅल कम!" हरण्या आणि मोऱ्या, दोन्ही बैल कान हलवत ऐकायचे. गड्याच्या गाण्यापेक्षा हे आटोपशीर, असं त्यांना वाटलं असेल.

नीलम्मा लिंबाखाली चिंचा फोडत बसलेली असायची. कपाळाला विभूती, पदर कमरेला, हातात दगड. नवरा वीरप्पा गेल्यापासून ही जमीन तिनं जिभेच्या जोरावर राखली होती. सरकारी गिरदावर असो की भाऊबंद, तिच्या बांधावर येताना आधी खाकरायचे.

"नीलव्वा," शेजारची धुरपदाबाई थारोळ्यावर घागर भरता भरता म्हणाली, "तुझा ल्योक बैलाला कुठल्या देवाचं नाव सुनावतोय गं?"

"सायबाच्या देवाचं," नीलम्मा चिंच फोडत म्हणाली. "बैल बाटले की पयलं तुलाच सांगंन. तुझ्या तोंडानं गावभर व्हईल."

धुरपदाबाई हसली. नीलम्मा हसली नाही.

दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना शिकवणी चालायची. नीलम्मा पाठ करून बसायची, पण कान तिकडंच.

"सोताबद्दल बोलताना 'शॅल'," उमाबाई सांगत होती. "मी दिवा लावीन. आय शॅल लाइट द लॅम्प. पण हट्टानं म्हनायचं असंल, लावीनच म्हनायचं असंल, तर 'आय विल'."

"आन् आधीच ठरलं असंल तर?"

"तवा 'आय ॲम गोइंग टू'. उद्या बाजाराला जानार हाय, मनात पक्कं हाय, तसलं. आभाळ भरून आलं, आता पडनारच, असं दिसतंय, तवाबी तेच."

"आन् गाडी?"

"गाडीला काय बी लागत न्हाय. ती ठरल्या वक्ताला सुटती. 'द ट्रेन लीव्ह्ज.' तिला करीन-बिरीन कशाला पाहिजे?"

शांतलिंगनं घास तसाच धरून कपाळाला हात लावला. "सायबाची जात लई कावेबाज. एका उद्याला एवढ्या वाटा?"

"आपल्यात न्हाईत का? 'येतो' म्हनून मानूस येतच न्हाय, 'बघू' म्हनून करतच न्हाय. आपल्याला सवय हाय म्हनून दिसत न्हाय, एवढंच."

नीलम्मानं पाठमोरंच विचारलं, "एवढ्या वाटांनी बोलत बसला तर करायचं कवा गं, पोरी?"

उमाबाईनं जीभ चावली आणि पदर पुढं ओढला. पण ती हसत होती, हे नीलम्माला न बघता कळलं. सुनेचं हे हसणं तिला आवडायचंही आणि सलायचंही. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण शांतलिंग आईशी कधी एवढा वेळ बोलत बसला नव्हता. आणि आता बोलत होता तो काय, तर जाण्याचं. शॅल गो, विल गो, गोइंग टू. नीलम्माला इंग्रजी येत नव्हती, पण 'गो' कळायला शाळा लागत नाही.

'नको जाऊ' असं तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. ती वीरप्पाची बायको होती. तिनं कुणाला धरून ठेवलं असं कुणी म्हणू नये. एक दिवस शांतलिंगच अडखळत म्हणाला, "अव्वा, मला घेतलं तर मोटंचं कसं?"

धुरपदाबाई तिथंच होती. नीलम्मा ताठ झाली. "म्या हाकीन की मोट. तुझ्या बापाच्या आजारपणात कोन हाकत हुतं? तू जा."

"आत्या," उमाबाईनं भीतभीत थट्टा केली, "हे आधीच ठरवलेलं हाय, का आत्ता तोंडावर आलं?"

"माझं समदं ठरलेलंच असतंय," नीलम्मा म्हणाली. पण ते आत्ताच तोंडावर आलं होतं.

बाजाराच्या दिवशी शांतलिंग सकाळीच गेला. उसाला पाणी द्यायचंच होतं. नीलम्मानं कासोटा घट्ट केला, आसूड घेतला आणि धावेवर चढली. वीरप्पाच्या आजारपणाला बारा वर्षं होऊन गेली होती, आणि तेव्हाचे बैलही वेगळे. पण हे तिनं स्वतःलाही कबूल केलं नाही.

"चल रं हरण्या! चल माझ्या राजा!"

हरण्या उभा. मोऱ्या उभा. दोघांनी माना वळवून तिच्याकडं बघितलं, जणू पाहुणी आली आहे.

तिनं शेपट्या पिळल्या, जिभेनं चक्चक् केलं. वीरप्पा म्हणायचा त्या मोटेच्या गाण्यातली एक ओळ खोकत खोकत म्हटली. बैल चार पावलं उतरले आणि थांबले. मोट पाण्याबाहेर येऊन लोंबत राहिली. मोटेच्या सोंडेचा बारीक दोर ढिला पडला आणि थारोळ्याच्या काठावरच्या लाकडी रुळावरून घसरला.

उमाबाई सरीतून धावत वर आली. "आत्या, 'आय शॅल गो' म्हना. लगेच जातेत. त्येंला तेवढंच ठावं हाय."

घागर डोक्यावर घेतलेली धुरपदाबाई पोट धरून हसायला लागली. "नीलव्वा, बोल की गं! बैल सायब झाले, तू काय अजून आडानीच?" आणि हसत हसतच ती वळून बांधाच्या वाटेला लागली.

नीलम्माची कानशिलं तापली. तिनं मागं वळून बघितलं. उमाबाई थारोळ्यावर वाकली होती. घसरलेला दोर उजव्या हातानं उचलून रुळावर बसवत होती. "थांबा हं आत्या," ती म्हणाली.

हे नीलम्मानं बघितलं. ऐकलं. नंतर तिनं किती वेळा मनाशी म्हणून पाहिलं की बघितलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. पण ऊन लख्ख होतं आणि सुनेचा हिरवा चुडा दोराजवळ चमकत होता.

तिनं आसूड उगारला आणि मोऱ्याच्या पाठीवर काढला. एकदा नाही, दोनदा.

बैल उधळले. नाडा ताणला, मोट वर उसळली, दोर रुळावर सपकन बसला, आणि मध्ये हात. बांगड्या फुटल्याचा आवाज आधी आला. उमाबाई ओरडली ती नंतर.

तेरचा हाडवैद्य बोलावला. त्यानं मनगट ओढून बसवलं, मैदालकडीचा लेप दिला, बांबूच्या कामट्या बांधल्या. "हात वाचला," म्हणाला. "पर म्हैनाभर भाकरी थापायची न्हाय. पुढं पकड कितपत येतीया ते देव जानं." उमाबाई घामानं भिजली होती. ओठ पांढरे पडले होते. नीलम्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

शांतलिंग बाजारातून आला तो दारातच थांबला. "कसं झालं?"

घरात धुरपदाबाई होती, वैद्य होता. सगळ्यांची तोंडं नीलम्माकडं. आणि नीलम्माच्या त्या धारदार जिभेला जे सुचलं ते असं,

"ध्यान कुटं हुतं तिचं? इंग्रजी बडबडत हुबी हुती दोरापाशी. बैल बुजले."

म्हणून झाल्यावर तिनं सुनेकडं बघितलं. उमाबाईचे डोळे उघडे होते. डोळे मिटून तिनं तोंड भिंतीकडं केलं.

शांतलिंग खाली बसला. हाताची नखं बघत राहिला. मग म्हणाला, "नको ती इंग्रजी आन् नको ती नोकरी. हात जायचा हुता."

नीलम्माला जे हवं होतं ते असं घरबसल्या मिळालं. शांतलिंग राहणार. बैल राहणार. सून तर कुठं जाणारच नव्हती. पण त्या रात्री तिनं आपल्या वाटची भाकरी बैलांपुढं टाकली.

धुरपदाबाईनं आपलं काम केलं. दुसऱ्या दिवसापर्यंत वाडीभर झालं की शिकलेल्या सुनेनं बैलाला इंग्रजी शिकवली आणि बैलानंच तिचा हात मोडला. बायका बघायला येत. उमाबाईच्या कामट्यांना हात लावून चुकचुकत आणि दारातून बाहेर पडताच हसत. कुणी तोंडावरच म्हणे, "बाईच्या जातीला कशाला गं ते?" नीलम्मा चुलीपाशी बसून फुंकणीनं फुंकत राही. धूर नसला तरी डोळे चोळत राही.

सुनेचं सगळं ती करू लागली. आंघोळ घालायची, लुगडं नेसवायची, वेणी घालायची. आयुष्यात तिनं कुणाची अशी उठाठेव केली नव्हती. भाकरी दुधात कुस्करून एकेक घास उमाबाईच्या तोंडात घालायची. उमाबाई घास घ्यायची, चावायची, गिळायची. 'आत्या, पुरे' एवढंच म्हणायची. हसायची नाही. ते सलणारं हसणं परत यावं म्हणून नीलम्मा वेड्यासारखं काहीबाही बोलायची. हरण्यानं वैरण कशी सांडली, धुरपदीची घागर कशी गळकी आहे. उमाबाई ऐकून घ्यायची.

मोटेवर शांतलिंग मुका झाला होता. गाणं नाही, इंग्रजी नाही. बैल टोकाला येऊन वाट बघत उभे राहायचे. तो दांडक्यानं ढोसायचा. अर्ध्या उसाला पाणी पोचत नव्हतं. पानं वळायला लागली होती.

शनिवारी सुनेच्या केसांना तेल लावताना नीलम्माच्यानं राहवलं नाही. शांतलिंग शेतात होता. ती सुनेच्या मागं बसली होती, तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बोलता आलं.

"का सांगितलं न्हाईस गं त्याला?"

उमाबाईनं मागं वळून बघितलं नाही. "काय सांगायचं आत्या? तुमी बघून मारलं म्हनून?"

नीलम्माचा हात केसातच थांबला.

"म्या वाकले हुते तवा तुमी वळून बघत हुता. तुमची सावली माझ्या हातावर पडली हुती."

तेलाची वाटी कलंडली. नीलम्मानं ती उचलली नाही.

"मी सांगितलं," उमाबाई पुढं म्हणाली, "तर ते म्हनतील, बायकू कांगावा करतीया, आईवर उलटलीया. मी बोलून ते जानार न्हाईत, गप राहून बी जानार न्हाईत. मग तोंड कशाला वाजवू? तुमी बोलला तरच काय व्हईल ते व्हईल." मग अगदी हळू म्हणाली, "रविवारच्या दुपारच्या गाडीनं निघायचं हुतं. सोमवारी सायब दुसऱ्याला घेतील."

"सांगंन म्या," नीलम्मा म्हणाली.

"बरं."

त्या एका 'बरं'मध्ये एवढा कमी विश्वास होता की नीलम्माला थोबाडीत बसल्यासारखं झालं. संध्याकाळी सांगीन म्हणाली, तर संध्याकाळी शांतलिंग थकून आला होता. जेवल्यावर सांगीन म्हणाली, तर तो ताटावरून उठून बैलांकडं गेला. सकाळी लिंगपूजा झाल्यावर सांगीन म्हणाली, आणि तिनं पूजाच लांबवली. गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायची आणि परत सोडायची. खोटं बोललेल्या तोंडानं 'शिवा' म्हणवेना.

रविवारी भाकऱ्या मात्र तिनं पहाटेच थापल्या. ज्वारीच्या चार भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, फडक्यात गाठोडं. गाडीची भाकरी. शांतलिंगनं ओट्यावर ते गाठोडं बघितलं, आईकडं बघितलं आणि आसूड घेऊन मोटेवर गेला.

ऊन चढलं. नीलम्मा शेतात गेली. उमाबाईही गळ्यातल्या झोळीत हात अडकवून लिंबाखाली येऊन बसली होती. घरात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघण्यापेक्षा बरं, म्हणाली. धुरपदाबाई घागर घेऊन आलीच.

"बरं झालं शांता, गेला न्हाईस," धुरपदाबाई थारोळ्यात घागर बुडवत म्हणाली. "बायकूच्या नादानं शिकत बसला असतास तर पुढच्या टायमाला मानच मोडली असती तुझी. अशी हौस असती व्हय बाईमानसाला?"

शांतलिंगनं बायकोकडं बघितलं. ते बघणं नीलम्माला दिसलं. त्यात काळजी होती, पण काळजीच्या मागं एक राग होता. आणि तो राग आयुष्यभर तिथंच बसून राहणार, रोज भाकरीबरोबर त्या पोरीला गिळावा लागणार, हे तिला आभाळातल्या ढगासारखं दिसलं. उमाबाईनं मान खाली घातली होती.

"धुरपदे, तोंड मिट," नीलम्मा म्हणाली.

"आता म्या काय वंगाळ बोलले?"

"मिट म्हनलं ना! शांता, बैल थांबीव."

बैल थांबले. नीलम्मा धावेच्या खाली उभी होती आणि लेक वर. कधी नव्हे ते तिला मान वर करून त्याच्याशी बोलावं लागत होतं.

"ती बडबडत न्हवती. दोर घसरला हुता, तो बसवत हुती. 'थांबा आत्या' म्हनली. म्या ऐकलं, म्या बघितलं, आन् म्या आसूड मारला. धुरपदी हसली म्हनून मारला. बैल माझं ऐकंनात म्हनून मारला. वर खोटं बोलले."

धुरपदाबाईनं घागर अर्धीच भरली आणि तशीच कमरेला घेतली. ही गोष्ट आता सांजेपर्यंत वाडीभर होणार होती. नीलम्मानं तिला अडवलं नाही.

शांतलिंग खाली उतरला. आसूड आईच्या हातात दिला. फेकला नाही, दिला, आणि त्यानं तिच्या काळजाला जास्त लागलं. मग तो लिंबाखाली गेला. बायकोसमोर उकिडवा बसला. काहीतरी म्हणाला. उमाबाईनं मान हलवली. तिनं डाव्या हातानं त्याच्या पटक्याची सुटलेली शेव खोचली आणि बोलली, "म्हैस रुळावर आली तर?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "सायब बहिरा असंल."

"आय विल स्टॉप द ट्रेन," शांतलिंग म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

तो घराच्या वाटेनं गेला. घरातून सदरा घालून निघाला तो ठेसनाच्या वाटेला लागला. आईच्या बाजूला त्यानं बघितलं नाही. नीलम्मानं हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आता त्याला अडवून आशीर्वाद देण्याइतकंही तिचं राहिलं नव्हतं.

बैल जोडलेले होते आणि ऊस सुकत होता. ती धावेवर चढली. हरण्या-मोऱ्यानं माना वळवून बघितलं. नीलम्मानं आधी उमाबाई कुठं आहे ते बघितलं. ती लिंबाखालीच होती, दोरापासून लांब. तरीही तिनं ओरडून सांगितलं, "तिथंच बस गं! उठू नको!" मग इकडंतिकडं न बघता, दात खाऊन, सून म्हणाली होती ते शब्द तिनं बैलांना ऐकवले. बैल गुमान उतरले. पाणी ओतलं. कुणी हसलं नाही. ऐकायला फक्त उमाबाई होती आणि ती पाटाकडं बघत होती.

दूरवर छोट्या गाडीची शिटी झाली तेव्हा दोघी घरी पोचत होत्या. ओट्यावर गाठोडं तसंच होतं. फडक्याची गाठ नीलम्मानं बांधली तशीच. तो उपाशी गेला होता.

नीलम्मा पायरीवरच बसली. तिनं गाठ सोडली. भाकरी वाळून कडा वर आल्या होत्या. तिला एवढंच सुचलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, आणि नेहमीसारखा सुनेच्या तोंडापुढं धरला.

"राहू द्या आत्या," उमाबाई म्हणाली. "माझी मी खाईन."

ती ओट्यावर मांडी घालून बसली, भाकरी मांडीवर ओढली आणि डाव्या हातानं तुकडा मोडला. ज्या घरात लहान लेकरानं डावा हात ताटाला लावला तर नीलम्मा उलथण्याचा चटका द्यायची, त्या घराच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर. चटणी तिच्या बोटांना चिकटत होती, तुकडा निसटत होता. ती परत उचलत होती.

नीलम्माच्या हातातला घास तसाच होता. तो कुठं ठेवावा तिला कळेना. शेवटी तिनं तो स्वतःच्या तोंडात घातला आणि सुनेकडं न बघता चावत राहिली.